घरगुती विक्रीची बैठक आणि ऐन वेळच्या अडचणी

घरीं बसून वस्तु विकत घेण्याची रीत आपल्याकडे नवी नाहीं. कासार ओटीवर येऊन बायकांना बांगड्या भरीत असे, बोहारीण जुन्या लुगड्यांच्या मोबदल्यांत भांडीं देत असे, आणि त्या निमित्तानें आळींतील चार बायका एकत्र जमत असत. हल्लीं या रीतीचें स्वरूप मात्र पालटलें आहे. आतां विकणारी बहुधा आपल्यांतलीच असते. कोणाची तरी सूनबाई, कोणाची तरी मावशी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, गौरीगणपतीच्या आधीं किंवा दिवाळीच्या तोंडावर ती एखाद्या परिचित घरीं दहापंधरा बायकांपुढें आपला माल मांडते आणि यजमानीणबाई चहाफराळाचें पाहतात. महाडच्या आळ्यांतून काय किंवा पोलादपुरासारख्या लहान गांवीं काय, अशी बैठक आतां कोणास नवलाची वाटत नाहीं. हलव्याचे दागिने, तिळाच्या वड्या, पोह्यांचे पापड, आमसुलें, मसाले, साड्या, डबे, काय नसतें तेथें!

या उद्योगाविषयीं एकत्र कुटुंबांत दोन मतें ऐकूं येतात. वडील मंडळींना वाटतें, कीं घरीं आलेला तो अतिथि. त्याच्यापुढें वस्तूची किंमत सांगणें गृहस्थाश्रमास शोभत नाहीं. सुनांना वाटतें, कीं घर सांभाळून चार पैसे मिळविण्याचा याहून निर्धोक मार्ग नाहीं. दोन्ही मतांत तथ्य आहे. परंतु त्यांची खरी परीक्षा बैठक सुरळीत चालली असतां होत नाहीं, ती कांहीं बिघडलें म्हणजे होते. बायका यावयास अर्धी घटका उरली आहे आणि मालाची पेटी अजून वाटेंतच आहे. किंवा पेटी आली आहे, पण आंतील निम्मा माल ओलावला आहे. किंवा सारें ठीक आहे, पण घरांत सुतकाची वार्ता येऊन थडकली आहे. अशा अर्ध्या घटकेंत एका बाईचें भांडवल आणि एका घराचा लौकिक, दोन्ही पणास लागतात. म्हणून या विषयाचा थोडा विचार केला पाहिजे.

दोन उदाहरणें

अमेरिकेंत अर्ल टपर या गृहस्थानें १९४६ सालीं घट्ट झांकणाचे प्लॅस्टिकचे डबे बाजारांत आणले. दुकानांतून ते फारसे खपेनात; कारण झांकण कसें बसवावें व आंतील हवा कशी दाबून काढावी, हें गिऱ्हाइकास कोणी दाखवीत नसे. ब्राउनी वाइझ नांवाच्या बाईनें तेच डबे घरगुती बैठकींतून शेजारणींच्या हातीं देऊन दाखविले. ते इतके खपूं लागले, कीं १९५१ सालीं कंपनीनें दुकानांतील विक्री बंद करून सारा भर घरच्या बैठकींवर दिला. १९५४ सालीं 'बिझनेस वीक' या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर या बाईचें चित्र आलें. तो मान मिळविणारी ती पहिली स्त्री. परंतु चारच वर्षांनीं, १९५८ सालीं, कंपनीनें तिला कामावरून दूर केलें. आपल्या देशांत ही कंपनी १९९६ सालीं आली, आणि २०२४ च्या सप्टेंबरांत तिच्या मूळ संस्थेवर अमेरिकेंत दिवाळखोरीचा अर्ज करण्याची वेळ आली. तात्पर्य हें, कीं हातीं देऊन दाखविण्याची कला टिकते. कंपनी टिकेलच असें नाहीं. विकणाऱ्या बाईनें आपला लौकिक कंपनीच्या नांवावर न बांधतां स्वतःच्या शब्दावर बांधावा.

दुसरें उदाहरण आपल्या घरचें आहे आणि प्रस्तुत विषयाला तें अधिक लागू पडतें. मुंबईस गिरगांवांत १५ मार्च १९५९ रोजीं सात स्त्रियांनीं ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. पहिल्या दिवशीं चार पाकिटें तयार झालीं. हाच पुढें नांवारूपास आलेला 'लिज्जत' पापड. पहिल्या पावसाळ्यांत ऊन नाहीं म्हणून चार महिने त्यांचें काम बंद पडलें. दुसऱ्या वर्षीं त्यांनीं एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड पसरावयाचे आणि खालीं स्टोव्ह पेटवावयाचा. काम थांबलें नाहीं. अडचण ऐन वेळीं येते हें खरें. पण तिच्यावरचा उपाय ऐन वेळीं शोधून चालत नाहीं. तहान लागल्यावर विहीर खणणारा तहानलेलाच राहतो.

पंचांग आधीं पाहावें

हळदीकुंकवाच्या बैठकी संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत होतात. आतां संक्रांत ही सूर्याच्या गतीवर ठरते आणि रथसप्तमी ही माघ शुद्ध सप्तमी, म्हणजे चंद्राच्या तिथीवर. यामुळें या दोहोंतील अंतर दर वर्षीं सारखें नसतें. २०२४ सालीं संक्रांत १५ जानेवारीस आणि रथसप्तमी १६ फेब्रुवारीस, म्हणजे महिन्याहून अधिक अवकाश मिळाला. २०२६ सालीं संक्रांत १४ जानेवारीस, तर रथसप्तमी २५ जानेवारीस. अवघे अकरा दिवस! ज्या बाईनें गेल्या खेपेच्या अनुभवावरून तेवढाच माल भरला, तिची काय गत होईल?

समजा, एखादीनें बचत गटांतून ५,००० रुपये घेऊन हलव्याचे दागिने केले. मुकुट, हार, बाजुबंद, बाळासाठीं निराळा जोड, असें सारें तयार आहे. अकरा दिवसांत पांच बैठकी ठरल्या आणि त्यांतील दोन ऐन वेळीं मोडल्या. रथसप्तमी उलटली, कीं नव्या सुनेच्या किंवा बाळाच्या कौतुकाचा तो दागिना पुढल्या पौषापर्यंत कोणी विचारणार नाहीं. आणि तोंवर हलवा कांहीं टिकणार नाहीं. कर्जाचा हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला उभा. म्हणून असा हंगामी माल अर्धा तयार ठेवावा आणि उरलेला मागणीप्रमाणें, थोडी रक्कम आगाऊ घेऊनच करावा. आगाऊ रक्कम मागण्यांत संकोच मानूं नये. शिंपीहि ती मागतो आणि आपण देतों. शिवाय बैठकीस जातांना सुईदोरा आणि मूठभर सुटा हलवा बरोबर असावा. वाटेंत तुटलेला हार तेथल्या तेथें सांधतां येतो.

वाट आणि पाऊस

आमच्या भागांत पावसाळ्यांत मालाच्या वाटेचा भरंवसा धरतां येत नाहीं. महाड सावित्री व गांधारी या नद्यांच्या कांठीं वसलेलें. पोलादपुराहून महाबळेश्वराकडे आंबेनळीचा घाट, खेडाकडे कशेडी, आणि महाडाहून भोराकडे वरंध. दरड कोसळली कीं घाटवाट बंद. २००५ आणि २०२१ या दोन्ही सालीं जुलै महिन्यांतील महापुरानें महाडची बाजारपेठ बुडविली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं सावित्रीवरचा जुना पूल माणसांसह वाहून गेला. त्या आपत्तींपुढें पापडांच्या पेटीची गोष्ट काढणेंहि लहानपणाचें वाटेल. परंतु ज्या मुलखानें हें पाहिलें आहे, तेथील गृहिणीनें 'गाडी येईलच' असें गृहीत धरूं नये, एवढा धडा त्यांतून घ्यावयास हरकत नाहीं.

यावरून तीन नियम निघतात. पहिला, गौरीगणपतीच्या बैठकीचा माल निदान दोन दिवस आधीं त्याच गांवांत येऊन पडलेला असावा. दुसरा, तो तळमजल्यावर न ठेवतां माळ्यावर किंवा उंच फडताळांत ठेवावा. २०२१ सालीं ज्यांच्या खोल्यांत पाणी शिरलें, त्यांना हें सांगावयास नको. तिसरा, पापड, चकली, मसाला यांचे डबे आदल्या रात्रीं उघडून पाहावे. दमट हवेनें मऊ पडलेली चकली 'आजच केली आहे' म्हणून खपविणें हा ऐन वेळचा उपाय नव्हे, ती फसवणूक होय. माल सादळला असेल तर तो बाजूला काढावा, आणि 'आज हा विकीत नाहीं, दोन दिवसांनीं ताजा पोंचवितें' असें मोकळेपणीं सांगावें. अशा सांगण्यानें एक दिवसाची विक्री जाते, गिऱ्हाईक जात नाहीं.

वीज आणि मोबाइल यांचीहि हीच कथा. हल्लीं बायका पैसे मोबाइलवरून देतात. पण पावसांत वीज गेली आणि रेंजहि गेली, म्हणजे बैठक अंधारांत आणि हिशेब अधांतरीं. एक बॅटरी, सुट्या नोटा व नाणीं, आणि एक वही एवढें जवळ असलें कीं काम अडत नाहीं. कोणी काय नेलें, किती दिलें, किती राहिलें, हें तेव्हांच वहींत टिपावें व घेणारीस दाखवावें. पुढें नात्यांत कटुता येते ती बहुधा पैशानें नव्हे, तर न टिपलेल्या पैशानें.

घरांतून उठणाऱ्या अडचणी

एकत्र कुटुंबांत सोयर, सुतक, आजारपण, अकस्मात् येणारे पाव्हणे हें चालावयाचेंच. अशा वेळीं यजमानीणबाईंनीं 'आतां कसें सांगूं' म्हणून गप्प बसूं नये, आणि विकणारीनें 'माझें नुकसान झालें' असा चेहरा करून त्यांना आणखी दुःख देऊं नये. बैठक ठरवितांनाच दुसरें एक घर मनांत धरून त्या बाईंची संमति घेऊन ठेवावी. निमंत्रितांस निरोप एकाच व्यक्तीनें द्यावा. तिघींनीं तीन वेळा कळविल्या कीं घोटाळा ठरलेला. दुसरें घर न मिळाल्यास बैठक सरळ पुढें ढकलावी. ज्या घरांत मनुष्य गेलें, त्याच्या शेजारच्या ओटीवर त्याच दुपारीं साड्या उलगडण्यापेक्षां दोन दिवस थांबलेलें बरें.

बायका कमी आल्या तर हिरमुसून जाण्याचें कारण नाहीं. चारच बायका असल्या, तर त्यांना वस्तु हातांत घेऊन नीट पाहतां येते. जास्त आल्या आणि माल अपुरा पडला, तर यजमानीणबाईंच्या जाऊबाईंसाठीं बाजूला ठेवणें वगैरे प्रकार करूं नये; आधीं आली तिला आधीं द्यावें आणि बाकीच्यांचीं नांवें वहींत घ्यावीं.

भीड

आतां सर्वांत नाजूक गोष्ट. दुकानांत आपण वस्तु उलटून पाहतों आणि 'नको' म्हणून परत ठेवतों. मैत्रिणीच्या घरीं, तिचा चहा घेतल्यावर, 'नको' हा शब्द ओठांवर येत नाहीं. वडील मंडळींचा आक्षेप खरा आहे तो येथें. अतिथीच्या भिडेवर नफा काढणें हें खरोखरच गृहस्थाश्रमास शोभत नाहीं. त्यावर उपाय सोपा आहे. निमंत्रणांतच सांगावें, कीं अमुक वस्तु पाहावयास ठेवल्या आहेत, घेतल्याच पाहिजेत असें नाहीं. किंमतींचा कागद समोर लावावा, म्हणजे एकीला एक आणि दुसरीला दुसरा भाव असें होत नाहीं. यजमानीणबाईंना विक्रींत कांहीं वाटा अगर भेट मिळणार असेल, तर तेंहि उघड असावें. आणि जिनें कांहींच घेतलें नाहीं, तिला वाण तेंच, तिळगूळ तोच आणि निरोपाचे शब्दहि तेच मिळावे.

कधीं कधीं डबे दाखवावयास आलेली बाई ऐन बैठकींत विषय बदलते आणि 'सभासद व्हा, तुमच्याखालीं आणखी दहाजणी आणा' असें सांगूं लागते. अशा वेळीं यजमानीणबाईंनीं गोड शब्दांत पण तत्काळ तें थांबवावें. ग्राहक संरक्षणाचे थेट विक्रीसंबंधींचे नियम केंद्र सरकारनें डिसेंबर २०२१ मध्यें लागू केले आहेत. त्यांप्रमाणें कंपनीचा विक्रेता ओळखपत्राशिवाय किंवा आधीं वेळ ठरविल्याशिवाय कोणाच्या घरीं जाऊं शकत नाहीं, आणि माणसाखालीं माणूस जोडून पैसा फिरविण्याच्या योजनांना मज्जाव आहे. घरीं केलेले खाद्यपदार्थ विकणारीनेंहि अन्नसुरक्षा खात्याकडे नोंदणी करून घ्यावी. विचारणारीस तो कागद दाखवितां आला, कीं मनांतली शंका मनांतच विरते.

मान

शेवटीं एक अडचण अशी, कीं जी माल, वाट किंवा पैसा यांपैकीं कशाचीच नाहीं. विक्रीचा हा उद्योग करणाऱ्या बायकांत कित्येक अशा असतात, कीं ज्यांचा यजमान गेला म्हणूनच त्यांना तो करावा लागतो. मग हळदीकुंकवाच्या दिवशीं ती माल घेऊन उंबऱ्याशीं येते, आणि आंत कुजबूज सुरू होते: हिला कुंकू लावावयाचें कीं नाहीं? हिला कोठें बसवावयाचें? तिचे पापड चालतात, तिची सावली मात्र अडचणीची होते! कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड या गांवच्या ग्रामपंचायतीनें मे २०२२ मध्यें विधवांविषयींच्या अनिष्ट चाली बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य शासनानें त्याच महिन्यांत इतर ग्रामपंचायतींना त्याचें अनुकरण करण्यास सांगितलें. जें एका खेडेगांवास उमगलें, तें आमच्या सुशिक्षित घरांस उमगूं नये काय? याचा निर्णय उंबऱ्यावर घेण्याचा नव्हे. घरांतील वडील बाईंनीं तो आदल्या दिवशींच घ्यावा, सुनांना सांगून ठेवावा, आणि ती बाई येतांच स्वतः पुढें होऊन तिला इतरांबरोबर बसवावें. सासूबाई पुढें झाल्या कीं कुजबूज आपोआप थांबते.

एकंदरींत पाहतां, ऐन वेळच्या अडचणी दोन प्रकारच्या असतात. एक वस्तूंच्या, त्यांना पंचांग, माळा, वही आणि सुईदोरा पुरतो. दुसऱ्या माणसांच्या, त्यांना आधीं ठरविलेली नीति लागते. पहिल्या प्रकारांत चुकलें तर पैसा जातो, आणि तो पुढल्या हंगामांत भरून काढतां येतो. दुसऱ्या प्रकारांत चुकलें तर माणूस दुखावतें, आणि त्याचा हंगाम पुन्हां येत नाहीं. ज्या घरीं हा भेद ओळखला जातो, तेथें विक्रीची बैठक भरली म्हणून अतिथिधर्माला बाध येत नाहीं. उलट एका कष्टाळू बाईस आपल्या ओटीचा आधार दिल्याचें समाधान त्या घरास लाभतें.