आजोबांची स्कूटर भंगारात जाणार का?



परिसर अभ्यासाच्या तासाला जुन्या-नव्या वाहनांचा विषय चालू होता. एका पोराने विचारलं, "बाई, आमच्या आजोबांची स्कूटर सरकार भंगारात घालणार का?" मला लगेच उत्तर देता आलं नाही. घरी येऊन नियम वाचले, ते सोप्या भाषेत मांडते.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल करून 'व्हिंटेज' गाड्यांची वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं पूर्ण झालेली दुचाकी किंवा मोटार यात बसते. पण ती मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, ती १० वर्षं चालते, पुढे ५,००० रुपये.

खरी मेख पुढेच आहे. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणे, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या कामाला किंवा धंद्याला नाही. म्हणजे वेळापूरहून अकलूजच्या बाजाराला जायचं तर हा मान घेऊन उपयोग नाही! हौशी माणसाला ही फी झेपेल, शेतकऱ्याला कशाला परवडेल, असं मला तरी वाटतं.

मग बाकीच्या जुन्या गाड्या? खाजगी गाडीला १५ वर्षं झाली की आरटीओत तपासणी करून दर ५ वर्षांनी नोंदणी वाढवायची. १ एप्रिल २०२२ पासून ही फी दुचाकीला ३०० वरून १,००० आणि मोटारीला ६०० वरून ५,००० झाली. २० वर्षांवरच्या गाड्यांना ऑगस्ट २०२५ मध्ये ती आणखी वाढवली. तपासणीत पास झाली तर गाडी चालवता येते. पोराने टीव्हीवर ऐकलं ते दिल्लीचं. तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर न्यायालयाच्या आदेशाने बंधनं आली. आपल्याकडे तसं नाही. टॅक्सीचं मात्र वेगळं. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे, म्हणून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली.

दुसऱ्या दिवशी मुलांना घरच्या आरसी बुकातली तारीख लिहून आणायला सांगितली. वजाबाकीचा छान सराव झाला. त्या स्कूटरची नोंदणी १९७८ ची निघाली, म्हणजे २०२८ मध्ये ५० पूर्ण.

"पण मग आजोबा डेअरीला दूध कशावर नेणार?" पोरगं म्हणालं.