घर बांधताना झाडाच्या मुळांचाही हिशोब धरा

आमचा धंदा कापडाचा. कोरे कापड धुतल्यावर आटते, हे गिऱ्हाइकांना सांगण्यात आमची तीस वर्षे गेली. मालेगावची काळी मातीही तशीच आटते, हे मात्र स्वतःच्या भिंतीला भेग पडल्यावर समजले.

जुन्या घरापासून आठ फुटांवर उंबर होता. दर उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग उघडे व पावसाळ्यात मिटे. आम्ही ती सिमेंटने भरत राहिलो. मुळे भिंतीला ढकलतात, असे मोठे भाईजान म्हणत. इंजिनियरने सांगितले ते वेगळेच. मुळे कुंपणाची भिंत किंवा फरशी उचलतात, फुटक्या गटारात शिरतात. पण घराचे वजन सहसा उचलत नाहीत. ती मातीतले पाणी पितात, माती आकसते आणि तो कोपरा खाली बसतो. पाऊस पडला की माती पुन्हा फुगते.

नवीन घराच्या जागेत वडिलांनी लावलेला, साठ वर्षांचा कडुनिंब होता. नकाशात पाया बुंध्यापासून दहा फुटांवर. आम्ही दुकानात होतो, तेवढ्यात मजुरांनी दंडाएवढे जाड मूळ तोडले. मिस्त्री म्हणाला, "शेठजी, कटकटच मिटली!" दुपारी इंजिनियर आले आणि त्यांनी काम बंद करविले. बुंध्याजवळची जाड मुळे झाडाला धरून ठेवतात; एका बाजूची तोडली तर वादळात झाड पडू शकते. शेजाऱ्यांचे पत्र्याचे घर तिथेच होते.

"मग झाडच काढू," भाईजान म्हणाले. त्यातही दोन अडचणी होत्या. १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे शहरात परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि झाडाला इजा करणेही त्या व्याख्येत येते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरील झाडांना आणखी संरक्षण मिळाले आहे. दुसरी अडचण मातीची. मोठे झाड काढले की कोरड्या मातीत ओल परत येते, ती काही वर्षे फुगत राहते व वरचे बांधकाम उचलते. म्हणजे घाईने झाड तोडून त्याच जागी पाया घालणे हा दुहेरी तोटा.

शेवटी भिंत आठ फूट मागे घेतली. थान ठेवण्याची खोली गेली. भाईजान दोन महिने नीट बोलले नाहीत. सलग चर न खोदता खाली फुगीर बुडाचे काँक्रीटचे खांब घातले. ही पद्धत रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी विकसित केली आहे. खांब निदान साडेतीन मीटर खोल लागतात. भोके मुळे चुकवून पाडता येतात आणि वरचा बीम मातीला टेकवत नाहीत. खर्च वाढला, पण कापडात मापाची चूक झाली तर थान बदलून मिळते, इथे तसे नाही.

प्लॉट घेणाऱ्या बांधवांनी नकाशावर शेजारच्या झाडांच्याही जागा दाखवून घ्याव्यात. काळ्या मातीत झाडाच्या उंचीइतके अंतर सुटले तर उत्तम. मुळे फांद्यांच्या सावलीपलीकडेही जातात व बहुतेक वरच्या दोन-तीन फुटांतच असतात, म्हणून झाडाजवळ जेसीबी लावू नये, हाताने खोदावे. बारीक मुळे करवतीने साफ कापता येतात. जाड मूळ दिसले तर आधी विचारावे.

आम्ही परवानगी घेऊन कडुनिंबाचा शेंडा हलका करविला. तरीही पहिले दोन पावसाळे रात्री वारा सुटला, की उठून शेजाऱ्यांच्या पत्र्याकडे बघत होतो.