गळ्याचे दुखणे आणि घरातली मिठाची बरणी



उसाला केवडा पडला की पाने पिवळी-पांढरी दिसू लागतात. अशा वेळी कितीही युरिया टाका, ऊस हिरवा होत नाही. कमतरता असते लोहाची. हिराकसाची फवारणी केली की आठ-पंधरा दिवसांत फरक दिसतो. लागते थोडेच, पण नेमके तेच लागते. माणसाच्या शरीराचेही तसेच आहे. आज थायरॉईडबद्दल लिहायचे आहे ते याच कारणाने. अलीकडे गावोगावी, विशेषतः बायाबापड्यांत, हे नाव फार ऐकू येते, आणि त्यावर 'नैसर्गिक उपाय' सांगणारेही तितकेच भेटतात.

गळ्याच्या पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते, तीच थायरॉईड. आपण खातो त्यातले आयोडीन घेऊन ती एक रस तयार करते. शरीराच्या इंजिनाचा वेग त्या रसावर चालतो. रस कमी पडला की माणूस मंदावतो. थकवा येतो, थंडी सोसत नाही, वजन वाढते, शौचाला साफ होत नाही, केस गळतात, कातडी कोरडी पडते, पाळी बिघडते. रस जास्त झाला की उलटे होते. छाती धडधडते, हात थरथरतात, घाम येतो, खाऊनही वजन उतरते.

मोठ्या माणसाला दिवसाला आयोडीन लागते अवघे 150 मायक्रोग्रॅम. सत्तर वर्षांचा हिशेब केला तरी चार ग्रॅमच्या आत. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बाईला 250. एवढ्याशा वस्तूवाचून गळ्याला गलगंड येतो, आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. पावसाने आणि पुराने जमिनीतले आयोडीन धुपून जाते. मग त्या जमिनीतल्या धान्यात आणि भाजीतही ते उतरत नाही.

हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात गलगंड घरोघर होता. तिथे 1956 साली डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोऱ्याचे तीन भाग पाडले. दोन भागांत आयोडीनचे मीठ दिले, तिसऱ्यात साधे. काही वर्षांत पहिल्या दोन भागांतला गलगंड चांगलाच घटला, तिसऱ्यात होता तसाच राहिला. मग तिसऱ्या भागालाही तेच मीठ दिले. 1962 साली सरकारने गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, आणि 2006 पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकायला देशभर बंदी आहे.

म्हणजे थायरॉईडचा खरा घरगुती उपाय आपल्या मिठाच्या बरणीत आहे. पण ती बरणी आपण कशी सांभाळतो? जनावरांसाठी आणलेल्या पोत्यातले खडे मीठ कित्येक घरी सर्रास चुलीपर्यंत येते. कोणी 'निसर्गाचे' म्हणून रोज सैंधव वापरतो. पाकिटावर आयोडीनयुक्त असे लिहिलेले आणि हसऱ्या सूर्याचे चित्र असलेले मीठच रोजच्या स्वयंपाकाला घ्यावे. ते झाकणाच्या कोरड्या बरणीत, चुलीपासून लांब ठेवावे. ओला चमचा घालू नये. आमटी-भाजी शिजत आल्यावर मीठ घालावे, म्हणजे आयोडीन उडून जात नाही. मात्र आयोडीन मिळावे म्हणून मीठ वाढवू नये, त्याने रक्तदाब वाढतो. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, पुरे. दूध, अंडी, समुद्राची मासळी यांतूनही आयोडीन मिळते.

कोबी, फ्लॉवर, मुळा, बाजरी खाऊ नका असे सांगणारे आहेत. या पदार्थांचा त्रास प्रामुख्याने आयोडीन कमी असलेल्या ठिकाणी होतो. मीठ योग्य असेल तर शिजवलेली भाजी आणि बाजरीची भाकरी बेतात खायला हरकत नाही. विडी-सिगारेट मात्र सोडावी. तिच्या धुरातले द्रव्य ग्रंथीला आयोडीन घेऊ देत नाही.

आता दुसरी बाजू, आमच्या घरची. माझ्या थोरल्या वहिनी दोन वर्षांमागे दमू लागल्या. म्हणायच्या, "भाऊजी, वैरणीचा भारा उचलला की जीव जातो. वय झालं, दुसरं काय." रक्त तपासले, तर टीएसएच भलतेच वाढलेले. गोळी सुरू झाली, दोन महिन्यांत बाई पहिल्यासारखी हिंडू लागली. मग आठवडी बाजारात कोणीतरी काढा दिला आणि म्हणाले, "गोळी जन्माची बेडी आहे, सोडून द्या." वहिनींनी आम्हाला न सांगता सोडली. तीन महिन्यांत तोंड सुजले, आवाज घोगरा झाला, बोलता बोलता डोळा लागायचा. डॉक्टर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "काकू, बरं वाटत होतं ते गोळीमुळंच ना?"

आयोडीनचे मीठ वर्षानुवर्षे खाणाऱ्यालाही हा आजार होतो, कारण आज दिसणाऱ्या बऱ्याच रोग्यांत शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर उलटलेले असते. तिथे मीठ, काढा, योगासने यांनी ग्रंथी पूर्ववत होत नाही. गोळी म्हणजे तोच कमी पडलेला रस बाहेरून देणे. योगासने करावीत, चालावे, त्याने अंग हलके राहते. काढा किंवा आयोडीनच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आयोडीन जास्त झाले तरी ग्रंथी बिघडते, आणि अश्वगंधानेही रसाचे प्रमाण बदलू शकते.

गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी. त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नको. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चार तास सोडून घ्यावी. दिवस राहिले तर गोळी बंद न करता लगेच डॉक्टरांना दाखवावे, कारण त्या काळात बहुधा मात्रा वाढवावी लागते. बाळ जन्मल्यावर टाचेचे थेंबभर रक्त घेऊन थायरॉईड तपासता येते, त्याची चौकशी करावी. दोष लवकर कळून उपचार झाला तर मूल चांगले वाढते. उशीर झाला तर गेलेली बुद्धी परत येत नाही.

माती परीक्षण न करता खत टाकू नका, असे आपण एकमेकांना सांगतो. घरातली बाई सारखी दमते म्हणत असेल, गळा फुगल्यासारखा दिसत असेल, तर 'कामाचा शीण' म्हणून सोडून देऊ नका. तिचे रक्त तपासून घ्या. आणि आज घरी गेल्यावर मिठाची बरणी उघडून बघा, आत कोणते मीठ आहे ते.

— एक सभासद