दिव्यांग प्रमाणपत्र : टक्के पाहिले, मुदत पाहिली का?

आमच्या वस्तीतल्या एका काकांच्या अंगावरून वारे गेले, त्याला आता चार वर्षे होतील. गवंडीकाम करणारा माणूस. उजवा हात आणि पाय दोन्ही गेले. काकूंनी धावपळ करून सरकारी रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र मिळवले, लॅमिनेशन करून आणले आणि बाबासाहेबांच्या फोटोमागे जपून ठेवले. मलाही दाखवले होते. "60 टक्के आहे, काम होईल," एवढेच मी म्हटले. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे सुरूही झाले. मागच्या वर्षी ते अचानक थांबले. चौकशी केली तेव्हा कळले, प्रमाणपत्राची मुदत संपून सात महिने झाले होते. मुदतीची ओळ त्याच कागदावर छापलेली होती. काकूंना वाचता येत नाही, पण मला येते. इतकी वर्षे परिचारिका म्हणून काम करूनही मी फक्त टक्के वाचले.

प्रमाणपत्रात दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात. एक, अपंगत्व किती टक्के आहे. दुसरी, ते कायमस्वरूपी आहे की तात्पुरते. यात काही बदल होण्याची शक्यता नाही असे डॉक्टरांचे मत असेल तर कायमस्वरूपी प्रमाणपत्र मिळते. सुधारण्याची किंवा बिघडण्याची शक्यता असेल तर मुदत घालून देतात. कापलेला पाय परत येत नाही, म्हणून तिथे प्रश्न नसतो. लकव्याचे तसे नाही. पहिल्या काही महिन्यांत हातपाय थोडेफार परत चालू लागतात. म्हणून मेंदू आणि मज्जातंतूंच्या आजारात सहा महिने झाल्यावरच तपासणी करावी असा नियम आहे. दुसऱ्याच महिन्यात रुग्णाला रिक्षात घालून नेले आणि परत पाठवले, तर तो दर वेळी डॉक्टरांचा आडमुठेपणा नसतो. लहान मुलांचेही तसेच. बौद्धिक अपंगत्वात मूल वाढते तशी फेरतपासणी करावी लागते. तात्पुरते म्हणजे खोटे किंवा कमी प्रतीचे नव्हे. मुदत असेपर्यंत ते पूर्ण चालते. फक्त मुदत संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज करायचा असतो, आणि त्याची आठवण कोणीही घरी येऊन देत नाही.

आता टक्क्यांकडे वळू. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा, लागू झाला एप्रिल 2017 मध्ये. आधीच्या 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, आता 21 आहेत. बहुतेक सवलतींसाठी किमान 40 टक्के लागतात. युडीआयडी कार्डावरची पट्टी पाहिली की कळते: 40 च्या खाली पांढरी, 40 ते 80 च्या आत पिवळी, 80 आणि पुढे निळी. दोन अपंगत्वे असतील तर सरळ बेरीज होत नाही. हाताचे 30 आणि पायाचे 30 मिळून 60 नव्हे, 50 धरतात. त्याचे ठरलेले सूत्र आहे. त्यामुळे "साहेबांनी दहा टक्के खाल्ले" असे लगेच म्हणू नये.

आपल्या एमआयडीसीत प्रेस मशीनवर बोटे गेलेले कामगार माझ्याकडे येतात, त्यांचा घोळ वेगळा आहे. ईएसआय किंवा कामगार भरपाईच्या कायद्यात एका हाताची चारही बोटे गेली तर कमाईक्षमतेचे नुकसान 50 टक्के धरतात. तो आकडा भरपाईपुरता. तहसीलच्या योजनेसाठी तो कागद चालत नाही, दिव्यांग प्रमाणपत्राची तपासणी वेगळी होते आणि तिचा आकडाही वेगळा येऊ शकतो.

सिकलसेलबद्दल मुद्दाम लिहिते. विदर्भातून कामासाठी तळेगाव-चाकणकडे आलेली आपली अनेक कुटुंबे आहेत आणि हा आजार तिकडे आपल्या समाजात बराच आढळतो. 2016 च्या कायद्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया आले. 40 टक्के असतील तर उच्च शिक्षणातल्या 5 टक्के आरक्षणाचा हक्क मिळतो. सरकारी नोकरीतले 4 टक्के आरक्षण मात्र रक्ताच्या आजारांना दिलेले नाही. मला हे अन्यायाचे वाटते. महिन्यातून चार दिवस वेदनेने अंथरुणाला खिळणारी मुलगी नोकरीच्या बाबतीत धडधाकट कशी? पण आज कायदा असा आहे, आणि मुलांना खोटी आशा लावण्यापेक्षा तो सांगितलेला बरा. चंद्रपूर-नागपूरला काढलेले प्रमाणपत्र देशभर चालते, इकडे आल्यावर नवे काढावे लागत नाही.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा. जून 2021 पासून प्रमाणपत्र याच पद्धतीने मिळते. स्वतः जमत नसेल तर सेवा केंद्रातून भरा. राहत्या जिल्ह्यातले किंवा जिथे उपचार झाले ते अधिकृत रुग्णालय निवडता येते. आपल्याकडचे लोक औंधच्या जिल्हा रुग्णालयात किंवा ससूनला जातात. खाजगी डॉक्टरांची चिठ्ठी प्रमाणपत्र नाही, पण त्यांचे एमआरआय, डिस्चार्ज कार्ड, जुने केसपेपर जरूर न्या. ऑक्टोबर 2024 मध्ये नियम बदलले. पूर्वी एका महिन्यात प्रमाणपत्र देणे अपेक्षित होते, आता तीन महिने. दोन वर्षे निर्णयच झाला नाही तर अर्ज बाद होतो आणि पुन्हा करावा लागतो, म्हणून नोंदणी क्रमांक वहीत लिहून ठेवा आणि पाठपुरावा करा. नाकारले किंवा टक्के पटले नाहीत तर कलम 59 खाली अपील करता येते. कारण लेखी मागा. तोंडी "होत नाही" यावर अपील लिहिता येत नाही.

दलाल "45 करून देतो" म्हणतात, त्यांच्यापासून लांब राहा. 2024 साली पूजा खेडकर प्रकरण गाजले, त्यानंतर राज्यात प्रमाणपत्रांच्या फेरतपासणीचे आदेश निघाले. खोटेपणाने दिव्यांगांचा लाभ घेतल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. जात पडताळणीसाठी 10 ऑगस्ट 1950 आधीचा कागद शोधत फिरलेल्या आपल्या लोकांना पडताळणी काय असते हे मी वेगळे सांगायला नको. खऱ्या दिव्यांगालाही पुन्हा बोलावू शकतात, म्हणून उपचाराचा एकही कागद टाकू नका.

निराधार योजनेसाठी 40 टक्क्यांबरोबर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 50 हजारांच्या आत लागते. त्याचा अर्ज वडगावला तहसील कचेरीत. नगरपरिषदेनेही स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्याची मागणी एकट्याने करण्यापेक्षा वस्तीतून मिळून अर्ज दिलेला बरा.

काकांची फेरतपासणी झाली. आता त्यांच्या प्रमाणपत्रावर कायमस्वरूपी असे लिहिले आहे. मधल्या महिन्यांचे पैसे गेले ते गेले. त्या काळात काकूंनी औषधासाठी कानातले विकले.

रविवारी वंदनेनंतर मी विहारात असते. येताना मूळ प्रमाणपत्र, आधार आणि जुने रिपोर्ट घेऊन या. मुदत आधी पाहू, टक्के नंतर.