पंच्याऐंशीच्या वर गेला तर फोन कर

सकाळी ६:४५. दिल्ली मेट्रोच्या येलो लाइनवरून एम्स स्टेशनला उतरते. बाहेर फुटपाथवर बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबं पांघरुणांच्या घड्या घालत असतात. यांतल्या काहींची मुलं आमच्याकडे.

७:१५. पहिली केस फॅलो या जन्मजात हृदयदोषाची, दोन वर्षांचा मुलगा. रडला की निळा पडतो, खेळता खेळता उकिडवा बसतो. बोटावर ऑक्सिजन ७६, हिमोग्लोबिन १९. शरीराने आपल्या परीने रक्त दाट करून घेतलंय. आई विचारते, "दीदी, ऑपरेशन के बाद गोरा हो जाएगा?" गुलाबी होईल, एवढं मी कबूल करते.

८:३०. भूल दिली. कपाळावर दोन पट्ट्या, एक कमरेवर, मूत्रपिंडाच्या जागी. आमच्या बोलण्यात 'निर्स'. जपानच्या ताकुओ आओयागींनी १९७४ मध्ये मांडलेला, बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर नाडीच्या ठोक्यावर चालतो. हार्ट-लंग मशीनवर ठोकाच नसतो, म्हणजे ऐन गरजेला तो आंधळा. निर्सचा प्रकाश कवटीतून आत जातो आणि मेंदूने वापरून उरलेला ऑक्सिजन सांगतो, ठोका असो-नसो. सुरुवातीचा आकडा टिपते: ५८. त्याच्या एक पंचमांशाने घसरला की हलायचं.

१०:२०. हार्ट-लंग मशीनवर, आमच्या बोलण्यात 'पंप'वर. बोटाची लाट सपाट झालीय. थोड्या वेळाने कपाळाचे दोन्ही आकडे घसरू लागतात: ५५, ५०, ४४. रक्तदाब ठीक, पंपाचा प्रवाहही ठीक. मानेच्या शिरेतला दाब मात्र चढलाय. म्हणजे रक्त डोक्याकडे जातंय, परत येत नाहीये. हृदय उचललं की वरच्या महाशिरेतली नळी अशी वाकते, हे नेहमीचंच. सर्जन ती जरा मागे घेतात. ४७, ५३, ५९. कोणी काही बोलत नाही. टाके चालू राहतात.

१:१०. पंप सुटला. बोटावर ९९. ओठ बघायला मी उगाचच वाकते.

२:४५. आयसीयूत काल शंट घातलेलं बाळ. हृदयाचा खालचा एकच कप्पा कामाचा. फुप्फुसांना रक्त एका बारीक नळीतून. ब्लेलॉक, टॉसिग आणि व्हिव्हियन थॉमस यांनी १९४४ मध्ये बाल्टिमोरला आणलेल्या शस्त्रक्रियेचंच हे आजचं रूप. मॉनिटरवर ९३, काचेपलीकडे आजोबा खूश. मी मात्र अस्वस्थ. या बाळाला ७५ ते ८५च हवं. ९३ याचा अर्थ फुप्फुसांनी रक्त पळवलंय आणि बाकीचं शरीर उपाशी आहे. मानेच्या शिरेतलं सॅम्पल तेच बोलतं: परतणाऱ्या रक्तात ४८. धमनी आणि शीर यांतला फरक पंचवीस-तीसच्या आसपास असावा, इथे ४५. शरीराला ऑक्सिजन कमी पडला की वाढणारं लॅक्टेट चढतंय, लघवी कमी.

नवा रेसिडेंट विचारतो, "मॅम, ऑक्सिजन कमी करायचा?" हो, साध्या हवेवर आण. जादा ऑक्सिजनने फुप्फुसांच्या वाहिन्या सैलावतात आणि तिकडचा ओढा आणखी वाढतो. व्हेंटिलेटरचा दरही जरा उतरवतो.

४:३०. धमनीत ८२, शिरेत ५५. लॅक्टेट उतरायला वेळ लागेल. आजोबांना समजावणं यापेक्षा अवघड: आकडा घसरला म्हणून त्यांनी हात जोडलेत, आणि मी सांगतेय की बाळ सुधारतंय.

७:००. रात्रपाळीला सगळं सोपवते. फॅलोवाल्याची श्वासाची नळी उद्या सकाळी काढू. शंटच्या बाळाच्या रक्तातले गॅस दोन-दोन तासांनी तपासायचे. "सत्तरच्या खाली गेला तर फोन करशीलच," मी म्हणते, "पण पंच्याऐंशीच्या वर गेला तरी कर."