शंभर पटींचा मोह

दिवाळीची सुटी जवळ आली की घरातल्या एखाद्या पोराला दुर्बिणीचे वेड लागते. कुणी शाळेच्या सहलीत पक्षी पाहून आलेला असतो, कुणाला चंद्रावरचे खड्डे बघायचे असतात. पूर्वी अशा वेळी वडील त्याला घेऊन चष्म्याच्या किंवा कॅमेऱ्याच्या दुकानात जात. दुकानदार काचेच्या कपाटातून दोन-तीन बायनॉक्युलर्स काढून समोर ठेवी आणि दारात उभे राहून, रस्त्यापलीकडच्या पाट्या वाचत बापलेक निवड करीत. आता दुकान मोबाइलच्या पडद्यावर आले आहे. माल उदंड, भावांची तुलना बसल्या जागी आणि वस्तू घरपोच! फक्त जी वस्तू डोळ्याला लावूनच पारखायची, ती डोळ्याला लावता येत नाही. हाती उरतात ते आकडे, आणि आकडेच इथे सर्वांत जास्त थापा मारतात.

नमुना पाहा. '१००×१८०' असे दिमाखात छापलेली, खिशात मावणारी, हजाराच्या आतबाहेरची दुर्बीण या दुकानांत हटकून भेटते. यातला पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसेल त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. १८० मिलिमीटर म्हणजे सात इंच. अशी दोन भिंगे शेजारी ठेवली तर रुंदी फुटापलीकडे जाते. ती खिशात कशी मावावी? तिसरीतल्या मुलाला जमेल असा हा हिशेब. पण सवलतीचा लाल आकडा दिसला की मोठ्यांनाही तो सुचत नाही. खरे तर या दुर्बिणींची ताकद बहुधा आठ-दहा पट असते आणि भिंग वीस-पंचवीस मिलिमीटरचे.

पार्सल येते, मुलगा दुर्बीण डोळ्याला लावतो. कडांना रंग फुटलेले, मध्ये धुरकट. दोन नळ्या एका रेषेत बसवलेल्या नसतील तर एका कावळ्याचे दोन कावळे. पाच मिनिटांत कपाळ ठणकू लागते. दुर्बीण सदोष आहे हे त्या पोराला ठाऊक नसते. त्याला वाटते, आपल्यालाच नीट बघता येत नाही. आठवड्याने दुर्बीण माळ्यावर जाते आणि तिच्यामागोमाग ते वेडही. हजार रुपयांपेक्षा हे नुकसान मोठे आहे.

मग घ्यावे काय? हाताने धरायची असेल तर आठ पट पुरे, दहा ही वरची मर्यादा. दुर्बीण जशी दृश्य मोठे करते तशीच हाताची थरथरही मोठी करते. शिवाय पट वाढले की दिसणारा टापू साधारणपणे आक्रसतो आणि फांदीवरचा पक्षी सापडेपर्यंत उडून जातो. कमी-जास्त करता येणाऱ्या 'झूम' दुर्बिणींच्या वाटेला, निदान पहिल्या खरेदीत तरी, जाऊच नये.

प्रकाशाचा हिशेब याहून महत्त्वाचा. भिंगाच्या व्यासाला पटींनी भागा. ८×४२ मध्ये उत्तर येते सव्वापाच, १०×२५ मध्ये अडीच. दुर्बिणीतून डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची ही मिलिमीटरमधली जाडी. भर दुपारी आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरपर्यंत आक्रसलेली असते, तेव्हा दोन्ही सारख्याच. पण भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी पाहायला आपण पोहोचतो ते झुंजुमुंजू असताना. बाहुली विस्फारलेली असते आणि अडीच मिलिमीटरचा झोत तिला अपुरा पडतो. ज्याला सगळे गुलाबी दिसायला हवे, त्याला करडे दिसते.

लालभडक चमकणाऱ्या भिंगांना भुलू नये. तो लेप तांबडा प्रकाश बाहेरच परतवतो, म्हणून आत दृश्य हिरवट-निळसर दिसते. चांगल्या लेपाची झाक मंद हिरवी किंवा जांभळी असते. प्रिझमच्या काचेसाठी 'बीएके-४' हा शब्द शोधावा. बेताच्या खर्चात, नागमोडी खांद्यांची जुन्या धाटणीची पोरो दुर्बीण त्याच किमतीतल्या सरळ नळ्यांच्या दुर्बिणीपेक्षा सहसा उजवी ठरते. दिसायला ती जरा आजोबांच्या काळातली वाटते, एवढेच.

चष्मेवाल्यांनी 'आय रिलीफ' पंधरा मिलिमीटरहून जास्त आहे ना, ते पाहावे. नाहीतर दृश्याचा मधला तुकडाच दिसतो. मुलासाठी घेताना दोन नळ्या किती जवळ येतात तेही बघावे. लहानग्यांच्या डोळ्यांतले अंतर कमी असते आणि मोठ्यांच्या दुर्बिणीतून त्यांना एकाच डोळ्याने बघत बसावे लागते.

एका डोळ्याची दुर्बीण, म्हणजे मोनोक्युलर, वजनाने साधारण निम्मी. गड चढताना, वस्तुसंग्रहालयात दूरची पाटी वाचताना ती झकास. तासभर घरटे न्याहाळायचे असेल तर मात्र एक डोळा मिटून मिटून जीव मेटाकुटीला येतो.

कायदाही थोडा आपल्या बाजूने आहे. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार विक्रेत्याचे नाव-पत्ता, मालाचा मूळ देश आणि परतीच्या अटी दाखवणे बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे. नाही झाले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. कोकणात राहणाऱ्यांनी नायट्रोजन भरलेली, जलरोधक दुर्बीण बघावी. पावसाळ्यात भिंगावर धरलेली बुरशी काढणे महागात पडते.

पार्सल मात्र त्याच दिवशी उघडा. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे पाहा. डोळ्याकडच्या भिंगात दिसणारे प्रकाशाचे वर्तुळ पूर्ण गोल हवे, चौकोनी कडांचे नको. मग उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला चित्र जुळवा, डावा मिटून उजव्या नळीवरच्या कड्याने उजव्याला. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरची टाकी एकच दिसते का? दहा मिनिटे पाहून डोके जड होत नाही ना? सूर्याकडे चुकूनही रोखू नका. त्याने दृष्टी कायमची जाऊ शकते. रात्री आकाशात गुरू असेल तर कोपरे गच्चीच्या कठड्यावर टेकवून पाहा. गॅलिलिओला १६१० च्या जानेवारीत दिसलेले चार चंद्र त्याच्या आजूबाजूला एका ओळीत टिंबांसारखे दिसतात. कधी तीन, कधी दोन. गुरूच जर दोन दिसले, तर दुर्बीण त्याच रात्री खोक्यात भरा. परतीचे दिवस पार्सल हाती पडल्यापासून मोजले जातात.