सत्कार जोडप्याचा झाला, मुलांचे काय?

अॅड.

आंतरजातीय विवाह झाला की आपण जोडप्याचा सत्कार करतो. पुष्पगुच्छ, संविधानाची प्रत, दोन भाषणे. शासनाचे प्रोत्साहनपर अर्थसहाय्यही मिळते. हे सारे योग्यच आहे. ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेबांनी १९३६ साली आंतरजातीय विवाह हाच जात मोडण्याचा खरा उपाय असल्याचे सांगितले होते. परंतु त्या घरात जन्मलेले मूल तेरा-चौदा वर्षांचे झाले की त्याच्या वाट्याला काय येते, याची विचारपूस चळवळीने कधी केली आहे काय?

हे मूल दोन संस्कृतींत वाढते. एका घरी बुद्धवंदना, दुसऱ्या घरी देवघर. कुणाला आजोळ आहे, पण त्याचे दार बंद. कुणाला आजी लाडाने जवळ घेते आणि त्याच आजीच्या तोंडून आईच्या जातीचा उद्धारही ऐकावा लागतो. शाळेत मित्र आडनाव विचारतात. त्यावरून अंदाज लागला नाही की गाव विचारतात. बाप सवर्ण आणि आई बौद्ध असेल तर एकीकडचे म्हणतात, ‘हा त्यांचा’. दुसरीकडचेही तेच म्हणतात. मी कोण, हा प्रश्न या वयात प्रत्येकालाच पडतो. या मुलांना त्याचे उत्तर मात्र सतत दुसऱ्यांना द्यावे लागते.

त्याचे परिणाम शरीरावरही दिसतात. कारण सापडत नाही अशी डोकेदुखी, पोटदुखी, उडालेली झोप, शाळेची टाळाटाळ, एकलकोंडेपणा, अकारण चिडचिड. घरचे म्हणतात, ‘वयच तसं आहे.’ पण प्रत्येक वेळी ते वयाचेच असते असे नाही.

पुष्कळ पुरोगामी पालक मुलांना जातीविषयी काहीच सांगत नाहीत. ‘आम्ही जात मानत नाही,’ एवढेच सांगतात. हेतू चांगला असतो. परंतु आई-बाप मानत नसले तरी वर्ग मानतो, वसतिगृह मानते, घरमालक मानतो. पहिला टोमणा बसतो तेव्हा मुलाला वाटते, दोष आपल्यातच आहे.

हेच मौन कायद्याच्या दारातही आडवे येते. रमेशभाई डाभाई नायका विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली निकाल दिला. अशा विवाहातील अपत्याची जात बापाची असे गृहीत धरता येईल. पण ते गृहीतक अंतिम नाही. आपण अनुसूचित जाती-जमातीच्या आईकडे वाढलो आणि त्या समाजाच्या वाट्याला येणारी वंचना व अवहेलना आपणही सोसली, असा पुरावा अपत्य देऊ शकते. निकाल स्वागतार्ह आहे. परंतु त्याचा अर्थ पाहा : सतरा वर्षांच्या मुलीने आपला अपमान कागदावर सिद्ध करायचा! ज्या घरात त्या अपमानाचा उच्चारच झाला नाही, तिथे ती पुरावा आणणार कुठून? शाळेतील प्रसंगाची लेखी तक्रार, तिची पोच, आईची व आजोळची कागदपत्रे पालकांनी वेळीच जपली पाहिजेत.

उपचारही हक्काचे आहेत. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ ने शासनाच्या मानसिक आरोग्यसेवेचा हक्क दिला आणि त्यात जात, धर्म, संस्कृती यांवरून भेदभावाला मनाई केली. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात १० ते १९ वयोगटाचे मानसिक आरोग्य हा एक मुख्य विषय आहे. सरकारी रुग्णालयांतील किशोरवयीनांच्या ‘मैत्री’ क्लिनिकमध्ये समुपदेशन मिळते. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोनवरून मोफत सल्ला मिळतो. हे आपल्या वस्तीतील किती पालकांना ठाऊक आहे?

काही कामे आपलीच आहेत. विहारात आलेल्या अशा मुलाला ‘अर्धा आपला’ म्हणणे थांबवा. तोही जातीचाच हिशेब आहे. शाळेत टोमणे बसत असतील तर मुख्याध्यापकांना भेटायला एकट्या आईला पाठवू नका, चार कार्यकर्त्यांनी सोबत जा. आणि पालकांनो, मुलांना तुमच्या लग्नाची खरी गोष्ट सांगा : विरोध कुणी केला, साथ कुणी दिली, तुम्ही का डगमगला नाहीत. ही गोष्ट लाजेची नाही, अभिमानाची आहे. पण ती मुलांना परक्याच्या टोमण्यातून नव्हे, तुमच्या तोंडून कळली पाहिजे.

जात मोडण्याचे धाडस आई-बापांनी स्वखुशीने केले. त्याची किंमत मुलांनी एकट्याने का मोजावी?